परदेशातल्या स्विमिंग मीटला अख्खी टीम आजारी का पडते, आणि मुलीला काय सांगून पाठवायचं

ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत. २०२५ च्या सिंगापूर वर्ल्ड चॅम्पियनशिपला अमेरिकेसारख्या टीमचं पोट कसं बिघडलं, पूलचं पाणी खराब होतं का, हा एक. आणि तुमची १४ वर्षांची मुलगी पहिल्यांदाच टीमबरोबर परदेशी मीटला चाललीय, तुम्ही सोबत नसणार, तर काय काळजी घ्यायची हा दुसरा. मी बरीच वर्षं स्विमिंग टीम्सबरोबर डॉक्टर म्हणून जातोय, त्यामुळे जरा मोठंच लिहितो, अर्धवट सांगून उपयोग नाही.

आधी सिंगापूर. अमेरिकन टीमचा ट्रेनिंग कॅम्प थायलंडला फुकेतमधे होता आणि त्रास तिथूनच सुरू झालेला, म्हणजे स्पर्धेच्या पूलमधे उतरायच्या आधीच. टीमने अधिकृतपणे सांगितलं ते अक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस, म्हणजे पोट आणि आतड्यांना अचानक आलेली सूज, मग ती व्हायरसने येऊ दे नाहीतर बॅक्टेरियाने. २७ जुलैला पूलमधल्या रेसेसच्या पहिल्याच दिवशी टोरी हस्कीने १०० बटरफ्लाय सोडली, क्लेअर वाइनस्टीनने ४०० फ्रीस्टाइल सोडली, ग्रेचेन वॉल्श ४ बाय १०० रिलेला उतरली नाही. आणि दुसऱ्याच संध्याकाळी वॉल्शने १०० बटरफ्लायचं गोल्ड घेतलं, ५४.७३ सेकंद! हस्की तर पुढे २ ऑगस्टला मिक्स्ड रिलेच्या वर्ल्ड रेकॉर्डमधे होती. शेवटी टीमची २९ मेडल्स, त्यात ९ गोल्ड. आजारी असूनही जिंकले वगैरे कौतुक सगळ्यांनी केलं, मला मात्र त्यात वेगळं काहीतरी दिसतं. कोणी कुठली रेस सोडायची हे वेळेवर ठरवलं गेलं आणि ते उघडपणे सांगितलं गेलं. माझं जवळपास सगळं उत्तर याच मुद्द्यावर आहे, पण आधी पाण्याचं बोलून घेऊ कारण प्रत्येक पालक सगळ्यात आधी तेच विचारतो.

५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल पूल धरला तर ३७ लाख ५० हजार लिटर पाणी होतं, ते सतत फिल्टर होत असतं आणि त्यात क्लोरीन असतं. १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) फ्री क्लोरीन आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, बरोबर असेल तर ई कोलाय हा बॅक्टेरिया मिनिटाभराच्या आत मरतो, जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीला साधारण पाऊण तास लागतो. खरा चिवट म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम, थोडक्यात क्रिप्टो, हाही परजीवीच, तो तेवढ्याच क्लोरीनमधे १० दिवस टिकू शकतो, म्हणून जुलाब होणाऱ्या माणसाने पूलमधे उतरूच नये असा नियम आहे. पण क्रिप्टोची लक्षणं दिसायला साधारण आठवडा जातो, त्यामुळे आज पूलमधे उतरलो आणि उद्या सकाळी पाच पोरांना उलट्या, असं झालं की मी पाण्याकडे सगळ्यात शेवटी बघतो. रंगावरूनही काही ठरवू नका. रिओ ऑलिम्पिकला, २०१६ मधे, डायव्हिंगचा पूल हिरवागार झाला होता, जगभर त्याचे फोटो गेले, तो प्रकार पाण्यात चुकून हायड्रोजन पेरॉक्साइड गेल्यामुळे क्लोरीन निकामी होऊन झालेला, आणि उलट बाजूने एकदम स्वच्छ निळ्या पाण्यातही क्रिप्टो असू शकतो.

ओपन वॉटर मात्र पूर्ण वेगळं प्रकरण. समुद्र किंवा नदीत फिल्टर नाही की क्लोरीन नाही, जोराचा पाऊस झाला की गटारांचं पाणी येऊन मिसळतं. सिंगापूरलाच सेंतोसा बेटाजवळच्या समुद्रात ई कोलायचं प्रमाण जास्त आलं म्हणून १० किलोमीटरची रेस पुढे ढकलली, पॅरिस २०२४ ऑलिम्पिकला सेन नदीच्या खराब पाण्यामुळे पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैवरून ३१ ला गेली. पाण्याच्या कल्चर टेस्टचा रिझल्ट यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे आज हातात आलेला रिपोर्ट कालच्या पाण्याचा असतो. तुमची मुलगी पूलमधेच पोहणार आहे त्यामुळे हे इथेच सोडतो.

मग आजार येतो कुठून? हातातून, ताटातून, बाथरूममधून आणि रूममेटकडून. मीटमधला दिवस डोळ्यासमोर आणा. सकाळी बुफेला शंभर हातांनी धरलेला तोच वाढायचा चमचा, मग बस, मग पूल डेकवर एकसारख्या दिसणाऱ्या पाण्याच्या बाटल्या, कोणीही कोणाचीही उचलतो, किकबोर्ड तेच, टॉवेल अदलाबदल, आणि स्विमर्सची एक सवय जी बाहेरच्याला माहीतच नसते, गॉगलला वाफ धरू नये म्हणून आतून जीभ फिरवायची किंवा थुंकून बोटाने चोळायचं. रेसच्या आधी तोंडात पूलचं पाणी घेऊन चूळ टाकणारे तर कित्येक. दरवाजाचं हँडल, बसचा दांडा, मग तेच बोट गॉगलमधे, तिथून तोंडात. रात्री एका खोलीत दोघी तिघी आणि बाथरूम एकच. नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या जुलाबाची झपाट्याने पसरणारी साथ आणणारा व्हायरस, त्याच्यासाठी यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही, त्याचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी पुरतात, १२ ते ४८ तासात लक्षणं दिसतात, आणि कोणी खोलीत उलटी केली की बारीक तुषार हवेत उडून आजूबाजूच्या वस्तूंवर बसतात.

आता जे बहुतेकांना माहीत नसतं ते. सॅनिटायझर नोरोवर नीट चालत नाही. फ्लू, कोविडसाठी ठीक आहे, पण नोरोसाठी साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद चोळून, बोटांच्या बेचक्यात आणि नखांखाली. खिशात सॅनिटायझरची बाटली आहे म्हणून हात न धुता जेवायला बसणारी पोरं मी सारखी बघतो आणि प्रत्येक वेळी उठवून बेसिनवर पाठवतो. उलटी झालेली जागाही साध्या फिनेलने पुसून भागत नाही, ब्लीच लागतं, ग्लव्ह्ज घालून.

खाण्याबद्दल लांबण लावत नाही. शिजवलेलं आणि वाफाळतं गरम खा, कोमट झालेल्या बुफेपासून लांब राहा, कापून ठेवलेली फळं आणि कच्चं सॅलड मीट संपेपर्यंत बंद, स्वतः सोलायचं फळ चालेल, बर्फ नको, पाणी सीलबंद, दात घासायलाही तेच. नवीन पदार्थ शेवटची रेस झाल्यावर चाखायचे, आधी नाही. स्वतःची बाटली, त्यावर मोठ्या अक्षरात नाव, आणि गॉगलसाठी अँटीफॉग स्प्रे. जीभ लावायची सवय मात्र आजपासूनच मोडायला घ्या कारण स्पर्धेच्या दिवशी आठवण राहत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. इतकं सगळं पाळूनही कोणीतरी एक आजारी पडतोच. त्या एकाचे पुढे दहा होणार की नाही हे पहिल्या काही तासांत ठरतं, आणि ते तास वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पोरं सांगत नाहीत. रात्री दोनला उलटी झाली, तोंड धुतलं, झोपली, सकाळी कोच विचारतो झोप झाली का, ती म्हणते हो. का? तर रिलेतून नाव काढतील, आईबाबांनी इतका खर्च केला, ही निवड परत होईल न होईल, टीममधे सगळे म्हणतील हिच्यामुळे झालं. १४ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हे सगळं एकदम येतं आणि ती गप्प बसते. मग ती नाश्त्याला बुफेचा चमचा धरते, बसमधे बसते, वॉर्मअपला उतरते, दुपारपर्यंत रूममेट आडवी. अशा पोरांवर मी कधी रागावत नाही, कारण गप्प बसायला त्यांना आपणच शिकवलेलं असतं. कोचने कोणाच्या तरी पोटदुखीला एकदा जरी नाटकं म्हटलं ना, तर पुढचा सगळा सीझन त्याला कोणी काही सांगणार नाही.

म्हणून निघायच्या आधी टीम मीटिंगमधे सगळ्या पालकांसमोर कोचच्या तोंडून हे वदवून घ्या की लक्षण सांगितलं म्हणून कोणाचं नाव आपोआप कापलं जाणार नाही, सांगितल्यावर डॉक्टर बघतील आणि मग ठरेल. आणि हे पण विचारा की एक रिकामी खोली आहे का. मला टीमबरोबर जाताना सगळ्यात आधी हवी असते ती गोष्ट म्हणजे जास्तीची एक खोली, औषधांची बॅग त्यानंतर. खोली नसेल तर आजारी मुलीला ठेवणार कुठे? पहिली उलटी किंवा दुसरा जुलाब झाला की ती वेगळ्या खोलीत, वेगळं बाथरूम, जेवण दारापाशी, आणि तिच्याकडे बघायला एकच ठराविक माणूस, तो बुफेला किंवा बाकीच्या पोरांच्या बाटल्यांना हात लावणार नाही. रूममेटवर ४८ तास लक्ष, तिला मात्र कैद्यासारखं कोंडायचं नाही, हात धुणं आणि वेगळी बाटली पुरे. मुलीला फोन द्या, टीमच्या ग्रुपवर बोलू द्या, एकटं पडल्याची भीती वाटली की पुढच्या वेळी ती लपवणार हे नक्की.

वेगळं ठेवण्याची किंमत असते हे मी नाकारत नाही. लंडन २०१७ च्या ॲथलेटिक्स वर्ल्ड चॅम्पियनशिपला बोत्स्वानाच्या आयझॅक मकवालाला पोटाच्या साथीमुळे ४८ तास बाजूला ठेवलं, त्याची ४०० मीटरची फायनल गेली, तो स्टेडियमच्या दारापर्यंत येऊन परत पाठवला गेला आणि नंतर २०० मीटर त्याला एकट्याला पळायला लावून क्वालिफाय करू दिलं. लोक आयोजकांवर खूप चिडले होते आणि मलाही त्याच्यासाठी फार वाईट वाटलं, पण शेवटचं लक्षण थांबल्यावर ४८ तास लांब राहायचं हा नोरोचा नेहमीचा नियम आहे, खेळाडू कितीही मोठा असला तरी व्हायरसला त्याचं काही नसतं. नियम असावा, फक्त तो आधीपासून सगळ्यांना माहीत असावा, ऐन वेळी दारात सांगू नये.

उपचार म्हटलं तर ओआरएस, ओआरएस आणि ओआरएस. स्पोर्ट्स ड्रिंक म्हणजे ओआरएस नव्हे, त्यात साखर जास्त आणि सोडियम बरंच कमी असतं, जुलाबात जास्त साखरेने उलट पाणी आतड्यात खेचलं जातं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट, अर्धं अर्धं नाही. उलटी झाल्यावर थोडा वेळ थांबून चमचा चमचा, दर दोन तीन मिनिटांनी, गटागट नाही. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवायची सवय असेल तर फार उपयोग होतो, वजनाच्या २ टक्के पाणी गेलं तरी परफॉर्मन्स खाली येतो, म्हणजे ५० किलोच्या मुलीचं जेमतेम १ किलो. लघवी गडद असेल किंवा सहा आठ तास झालीच नसेल, शौचात रक्त असेल, ताप चढत असेल, मूल सुस्त पडलं असेल तर हॉटेलच्या खोलीत थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आणि इथे एक मोठा खड्डा आहे जो पालकांना बिलकुल माहीत नसतो, डोपिंगचे नियम. सलाईन लावून लवकर उभी करू असं कोणीतरी म्हणतंच. वाडा म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्था, तिच्या नियमांप्रमाणे १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन शिरेतून देणं बंदीच्या यादीत आहे, मग त्यात नुसतं मीठपाणी का असेना. हॉस्पिटलमधल्या उपचारात, ऑपरेशनमधे किंवा तपासणीचा भाग म्हणून दिलं तर चालतं, हॉटेलच्या खोलीत नर्स बोलावून लावलं तर नाही. गरज असेल तर हॉस्पिटलमधे न्या आणि कागद जपून ठेवा, मुलीच्या जिवापेक्षा नियम मोठा नाही पण दोन्ही सांभाळता येतं. खोकल्याचं औषध तर आणखी फसवं, अनेक साध्या कफ सिरपमधे टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध असतं आणि ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बॅन आहे. नाक मोकळं करायच्या गोळ्यांमधे स्यूडोएफेड्रिन असतं, त्याला स्पर्धेच्या काळात लघवीत ठराविक मर्यादा आहे. पॅरासिटामॉल, ओआरएस, उलटी थांबवणारं ऑनडॅनसेट्रॉन, जुलाब थांबवणारं लोपेरामाइड यांना बंदी नाही, पण लोपेरामाइड लहान वयात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको आणि ताप किंवा रक्त असेल तर मुळीच नको. आणि मुलीच्या बॅगेत कोणी सहज म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन टाकून देत असेल तर काढा, त्या गटातल्या अँटिबायोटिकने टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, इजा होऊ शकते, वाढत्या वयाच्या खेळाडूला ते मी टाळतोच, शिवाय दक्षिणपूर्व आशियात पोट बिघडवणारे कितीतरी जंतू त्याला दाद देत नाहीत. अँटिबायोटिक द्यायचं की नाही, कुठलं, हे टीमच्या डॉक्टरला ठरवू दे. मुलीला एकच वाक्य पाठ करून पाठवा, मैत्रिणीने दिलेली गोळी घ्यायची नाही, डोकं दुखत असलं तरी.

मग पोहायचं की नाही? पोटाच्या बाबतीत माझे तीन प्रश्न असतात, उलट्या जुलाब पूर्ण थांबून ४८ तास झालेत का, खाल्लेलं पोटात टिकतंय का, वजन परत जागेवर आलंय का. तिन्हीला हो आलं तर एखाद्या रेसबद्दल बोलू, तेही कमी महत्त्वाच्या इव्हेंट्स सोडून. जुलाब चालू असताना पूलमधे अजिबात नाही, हा तिच्या एकटीचा प्रश्न नसून त्या पाण्यातल्या सगळ्यांचा आहे. शिवाय रेसिंग सूट चढवायला पंधरा वीस मिनिटं झटापट करावी लागते, पोट गुडगुडत असताना त्या सूटमधे कॉल रूमला, म्हणजे रेसच्या आधी स्विमर्सना थांबवतात त्या खोलीत, बसून राहणं म्हणजे काय ते स्विमरलाच माहीत.

आतापर्यंत पोटाबद्दलच लिहिलं कारण तुम्ही तेच विचारलंत, पण मोठ्या मीट्समधे जास्त त्रास सर्दी, घसा, खोकल्याचा असतो. २००९ च्या रोम वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे नोंदी ठेवल्या होत्या, दर हजार खेळाडूंमागे ७० च्या आसपास आजार, आणि त्यातले जवळपास निम्मे श्वासमार्गाचे. पॅरिस ऑलिम्पिकला ब्रिटनच्या ॲडम पीटीला १०० ब्रेस्टस्ट्रोकच्या फायनलच्या आधीच बरं वाटत नव्हतं, ०.०२ सेकंदाने गोल्ड हुकलं आणि दुसऱ्या दिवशी कोविड पॉझिटिव्ह आला. विमानाला सगळे दोष देतात, पण रग्बी खेळाडूंवरच्या एका अभ्यासात पाचपेक्षा जास्त टाइम झोन ओलांडून गेल्यावर आजारपण दोन तीन पटीने वाढलेलं दिसलं आणि घरी परतल्यावर मात्र वाढ दिसली नाही, प्रवास तर तेवढाच होता ना? म्हणजे नवीन ठिकाण, मोडलेली झोप, अनोळखी जंतू, गर्दी यांचा वाटा मोठा. म्हणून शक्य असेल तर टीमने काही दिवस आधी पोचावं आणि झोपेला ट्रेनिंगइतकंच महत्त्व द्यावं. ओल्या केसांनी सर्दी होते असं घरोघरी म्हणतात, सर्दी व्हायरसने होते, पण ओलं अंग घेऊन एसीत कुडकुडत बसू नये हे खरंच, त्याने स्नायू गार पडतात. आणि पूलवर गेल्यावरच येणारा, ताप नसलेला, बाहेर आल्यावर काही तासांत जाणारा खोकला बऱ्याचदा क्लोरामाइन्सचा, म्हणजे क्लोरीन आणि घाम लघवी मिळून पूलवर तयार होणाऱ्या झोंबणाऱ्या वाफांचा, असतो, त्याला संसर्ग समजून मुलीला घाबरवू नका. ताप, अंगदुखी, छातीत जडपणा असेल तर मात्र पोहणं बंद, व्हायरल तापात जोर लावला की हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, तिथे मी कोणाचंच ऐकत नाही, कोचचं नाही आणि पालकांचंही नाही.

लसी राहिल्या. फ्लू, हेपटायटिस ए, टायफॉइड यातलं काय बाकी आहे ते आत्ताच बघा, जायच्या किमान दोन आठवडे आधी घेऊन मोकळं व्हा, टेपरच्या, म्हणजे मीटच्या आधी सराव कमी करायच्या, आठवड्यात दंड दुखवून घेऊ नका. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी गोळ्या काही नको, उपयोगाची खात्री नाही आणि त्यात बॅन पदार्थ मिसळलेले निघाल्याची उदाहरणं आहेत.

परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला कुठल्या देशात होती ते पहिल्या वाक्यात सांगा, डेंगी मलेरियाच्या टेस्ट त्यावर ठरतात. आणि जुलाब आठवडाभर थांबले नाहीत तर स्टूल टेस्टमधे जिआर्डिया आणि क्रिप्टो मुद्दाम लिहून मागा, साध्या तपासणीत क्रिप्टो बऱ्याचदा बघतच नाहीत. क्रिप्टो निघाला तर जुलाब थांबल्यानंतरही दोन आठवडे तिला पूलमधे सोडू नका, कोचने कितीही फोन केले तरी, तेवढे दिवस ड्रायलँड, म्हणजे पाण्याबाहेरचा व्यायाम, करू दे.